समुद्रातलं कडू पाणी

जुईली मोकलच्या घरातल्या काचेच्या टाकीतलं पाणी समुद्राइतकंच खारट होतं. आजानं ते जिभेवर घेऊन पाहिलं होतं, आणि मिठाच्या बाबतीत आजाची जीभ चुकत नसे. जुईलीनं क्षारमापक (पाण्यात किती क्षार विरघळले आहेत ते दाखवणारं यंत्र) बुडवून पाहिला, तर त्यानंही लिटरमागे पस्तीस ग्रॅम असाच आकडा दाखवला. समुद्रात असतो तेवढाच. पाणी गढूळ नव्हतं, गार नव्हतं, फार गरमही नव्हतं. तरी त्या पाण्यात समुद्रफुलं मरत होती.

समुद्रफूल हे काही फूल नव्हे. तो प्राणी आहे, आणि खाण्याच्या बाबतीत चांगला वस्ताद आहे. पायानं खडकाला चिकटून बसायचं, तोंडाभोवतीचे स्पर्शक (मऊ बोटांसारखे अवयव) पसरायचे आणि जो कोणी चुकून जवळ येईल त्याला गट्ट करायचं, असा त्याचा दिवस जातो. बरं वाटत नसलं की ते सगळी बोटं आत ओढून घेतं आणि नुसता गोळा होऊन बसतं. मोकलांच्या टाकीतली सगळी फुलं आता गोळा होऊन बसली होती, आणि दोन तर खडकावरून सुटून तळाशी पडली होती.

तुम्ही म्हणाल, टाकीतले चार प्राणी गेले तर एवढं काय बिघडलं? बिघडलं होतं बरंच, म्हणून तर ही गोष्ट सांगायला बसलो.

मोकलांचं गाव नांदेपाडा. होतं, असं म्हणायला हवं. खाडीकाठचं गाव, आणि गावाचा धंदा मिठाचा. समुद्र दर वर्षी थोडा थोडा वर चढत गेला. आधी त्यानं मिठागरं घेतली, मग भातशेती, मग घरांचे उंबरे. शेवटी सगळं गाव घाट चढून जुन्नरच्या बाजूला नव्या वसाहतीत आलं. तिथली घरं यंत्रानं थरावर थर ओतून छापलेली, सगळी एकसारखी. निघताना लोकांनी देव आणले, पाटे-वरवंटे आणले. जुईलीच्या आजीनं ओल्या गोणपाटात गुंडाळून किनाऱ्यावरचा एक दगड आणला. त्यावर समुद्रफुलं होती. लोक हसले. आजी म्हणाली, हसा, पण गावातलं जिवंत काही आणलंय ते मीच.

तिनं ती फुलं टाकीत वाढवली. त्यातल्या सगळ्यात मोठ्या, जांभळ्या टोकांच्या फुलाला ती थोरली म्हणायची आणि सुनेशी बोलावं तसं तिच्याशी बोलायची. गेल्या माघात आजी गेली. त्यानंतर आजानं बोलणं जवळजवळ सोडलं, पण टाकी सोडली नाही. रोज सकाळी कोळंबीचा बारीक तुकडा चिमट्यात धरून तो थोरलीला भरवायचा. जुईलीचे आईबाबा दिवसभर सौरपट्ट्यांच्या शेतावर कामाला असत, म्हणून हे सगळं पाहणारी एकटी जुईली होती.

टाकीसाठी समुद्राचं पाणी दर महिन्याला किनाऱ्यावरच्या सागरी संशोधन केंद्राच्या गाडीतून यायचं. पण घाटात दरड कोसळली, रस्ता बंद झाला आणि गाडी येईनाशी झाली. टाकीतलं पाणी जुनं झालं की त्यात प्राण्यांचीच घाण साठते, ते बदलावंच लागतं. केंद्राला कळवू या, असं जुईली म्हणाली, तर आजाला राग आला. ज्यानं जन्मभर लोकांना मीठ पुरवलं, त्यानं आता खाऱ्या पाण्यासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायचं का? घरात नांदेपाड्याच्या शेवटच्या हंगामाचं मीठ होतं. पांढरंशुभ्र, चणीच्या बोराएवढे खडे.

"मीठ दर्यातूनच आलं ना बाय?" तो म्हणाला. "मंग पान्यात परत टाकलं का त्याचा दर्याच व्हनार. दुसरं काय व्हनार?"

जुईलीला यात काही चूक दिसेना. तुम्हाला दिसते का पाहा. आजानं नळाचं पाणी घेतलं, मोजून मीठ टाकलं, चाखलं, टाकीत ओतलं. पुढं काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे.

वसाहतीत घरोघरचं पिण्याचं पाणी तपासायला एक यंत्रमानव यायचा. त्याचं नाव टिपूस. किटलीएवढा, सहा पायांचा, आणि मनातली गोष्ट गोड करून सांगायची कला त्याला कुणी शिकवलेली नव्हती. त्या दिवशी तो मोरीतल्या नळाचा थेंब चाखून निघाला होता, तेवढ्यात जुईलीनं त्याला उचलून थेट टाकीच्या कडेवर ठेवलं. टिपूसनं एक पाय पाण्यात बुडवला.

मग त्यानं आजाला विचारलं की तुम्ही मीठ कसं करत होता ते सांगाल का.

आजा ताठ बसला. आजी गेल्यापासून तो इतकं कधी बोलला नव्हता. भरतीचं पाणी आधी मोठ्या तळ्यात घ्यायचं, तो सांगू लागला. ऊन त्याला आटवतं, आणि तळाशी चुन्यासारखा थर बसतो. मग पाणी पुढच्या वाफ्यात सोडायचं. तिथं ते आणखी आटतं आणि टोचणारे बारीक खडे धरतात, ते काही कामाचे नाहीत. मग शेवटच्या वाफ्यात मीठ धरतं. ते फळीनं ओढून ढीग करायचे. हे सगळं सांगताना त्याचे हात हवेत फळी ओढत होते आणि जुईली त्या हातांकडेच बघत राहिली.

"आणि मीठ काढल्यावर वाफ्यात उरलेलं पाणी?" टिपूसनं विचारलं.

"ते कडू. ते खाडीत सोडून द्यायचं. तेच खरं कसब हाय. येलेवर सोडलं नाय तर मीठ कडवट व्हतं, ओलं ऱ्हातं. माज्या मिठाला कदी कुनी कडवट म्हनलं नाय." आजा हे अभिमानानंच म्हणाला, आणि अभिमान वाटावा असंच ते होतं.

टिपूसनं मग सावकाश सांगायला सुरुवात केली. समुद्राच्या पाण्यात एकच मीठ नसतं, अनेक क्षार असतात. शंभर भाग क्षार घेतले तर त्यातले पाऊणशेच्या थोडे वर भाग आपलं खायचं मीठ. उरलेल्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम अशा धातूंचे क्षार आणि थोडा खायच्या सोड्याचा भाऊबंद. पाणी आटू लागलं की हे सगळे एकदम खाली बसत नाहीत. ज्याला विरघळून राहायला जास्त पाणी लागतं तो आधी बसतो. म्हणून पहिल्या तळ्यात चुना, दुसऱ्या वाफ्यात ते टोचणारे खडे, म्हणजे जिप्सम. या दोघांबरोबर बरंचसं कॅल्शियम गेलं. मग मीठ. आणि शेवटपर्यंत पाण्यातच राहतात ते मॅग्नेशियम आणि पोटॅशियम. पाणी कडू लागतं ते मुख्यतः मॅग्नेशियममुळे.

जुईलीला एकदम आमटी आठवली. भांड्याच्या तळाची डाळ तेवढी काढून घेतली आणि वरचं चिंचगुळाचं, फोडणीचं पाणी ओतून दिलं, तर दुसऱ्या दिवशी त्या डाळीत साधं पाणी घालून आमटी होईल का? डाळ आमटीतलीच, यात शंका नाही. तरी ती आमटी नव्हे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आजी म्हणायची ते हेच.

मग क्षारमापक खोटं का बोलला, असं तिनं विचारलं. टिपूस म्हणाला की तो खोटं बोलला नाही. क्षार किती आहेत एवढंच तो सांगतो, कोणते आहेत ते त्याला कळत नाही. समुद्रफुलाला बोटं उघडायला आणि मिटायला कॅल्शियम लागतं, शरीराचं काम शांतपणे चालायला मॅग्नेशियम आणि पोटॅशियम लागतं. नुसत्या मिठाच्या पाण्यात ते हळूहळू लुळं पडतं. शिवाय नळाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन घातलेलं असतं, तेही त्याला सोसत नाही.

हे ऐकायला आजा तिथं नव्हता. कडू पाण्याची गोष्ट निघाली तेव्हाच त्याला सगळं कळलं होतं आणि तो उठून मागच्या पडवीत जाऊन बसला होता. कौतुकानं राखलेलं मीठ त्यानं आजीच्या फुलांना घातलं होतं, आणि त्या मिठातून नेमकं तेच गाळलेलं होतं ज्यावर ती फुलं जगतात. ते गाळणारे हात त्याचेच होते. जुईली त्याच्याजवळ जाऊन बसली.

टिपूसनं केंद्राला निरोप पाठवला. समुद्राचं पाणी पाठवणं तेव्हा शक्य नव्हतं. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, आणि एवढं वजन उडत्या यंत्राला झेपत नाही. पण पाणी तर जुन्नरलाही आहे. समुद्रातलं पाणी सोडून बाकीचं सगळं तेवढं पाठवलं, तर ते शंभर लिटरला साडेतीन किलोच्या आसपास भरतं. दुसऱ्या दिवशी दुपारी सागरमिश्रणाची (समुद्रातले सगळे महत्त्वाचे क्षार योग्य प्रमाणात एकत्र केलेली पूड) पिशवी अंगणात उतरली. दोन वेळा पुरेल एवढी होती. गाळण्या, पंप आणि नळ्या वसाहतीच्या पाणीकेंद्रातून टिपूसनंच आणवल्या.

मग पडवीत पाण्याचा छोटा कारखाना उभा राहिला. एक निळं पिंप चौथऱ्यावर, दुसरं त्याच्या खाली. नळाचं पाणी आधी दोऱ्याच्या गाळणीतून जाऊन गाळ सोडतं, मग कोळशातून जाऊन क्लोरीन सोडतं. मग येतो पडदा. त्याची भोकं इतकी बारीक की पाणी पलीकडे जातं आणि क्षार बहुतेक सगळे अलीकडेच अडतात. जे थोडे निसटतात त्यांना पुढचे राळेचे मणी (क्षार धरून ठेवणारे बारीक गोळे) पकडतात. अडलेलं पाणी फेकायचं नाही, ते आळवाला सोडायचं. गाळलेलं पाणी वरच्या पिंपात थेंब थेंब जमतं. ते खालच्या पिंपात घ्यायचं, आणि तिथं मिश्रण करायचं.

आधी पाण्यातले क्षार काढायचे आणि मग पुन्हा क्षार घालायचे, हा काय खुळेपणा, असं आजानं विचारलं. त्याचा आवाज थकलेला होता. जुईलीनंच उत्तर दिलं की नळाच्या पाण्यात काय काय आहे ते आपल्याला माहीत नाही, म्हणून आधी पाटी कोरी करायची आणि मग आपल्याला हवं तेच लिहायचं. आजानं मान डोलावली. त्याचं अर्धं लक्ष टाकीकडे होतं. थोरली अजून खडकाला धरून होती, पण तिचा पाय एका बाजूनं सुटत चालला होता.

आणि इथं दुसरी चूक झाली. पाणी थेंब थेंब येत होतं. टिपूस दुसऱ्या घरी गेला होता, जुईली शाळेतून यायची होती. आजाला धीर निघेना. खालच्या पिंपात पाणी जेमतेम वीतभर होतं, तरी त्यानं मोजलेली सगळी पूड त्यात ओतली. पाणी येईल तसं येईल, तोवर पूड विरघळायला लागू दे, असा त्याचा हिशेब. मीठवाल्याला थोड्या पाण्यातलं जास्त मीठ काही नवीन नव्हतं. जुईली आली तेव्हा पिंपात दुधासारखं पांढरं पाणी होतं, आणि ते पंप लावूनही निवळलं नाही.

टिपूसनं आल्यावर एक पाय बुडवला आणि हे पाणी वापरता येणार नाही, असं सांगितलं. पुडीतलं कॅल्शियम आणि सोड्याचा भाऊबंद फार थोड्या पाण्यात समोरासमोर आले की एकमेकांना धरतात आणि त्यांचा चुना होऊन खाली बसतो. म्हणून आधी पिंप भरायचं, पंपानं पाणी फिरतं ठेवायचं, आणि मग पूड मूठ मूठ सोडायची. ती विरघळल्यावरही घाई करायची नाही. पाण्यात हवा मिसळू द्यायची, त्याची ऊब टाकीएवढी होऊ द्यायची, आणि खारटपणा मोजून मगच ते वापरायचं.

"तल्यातला चुना," आजा हळूच म्हणाला. पहिल्या तळ्याच्या तळाशी बसणारा पांढरा थर त्यानं आयुष्यभर पाहिला होता. तो त्याला लगेच ओळखू आला, पण आता त्या ओळखण्याचा काही उपयोग नव्हता. सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. पिंप धुतलं, पाणी पुन्हा थेंब थेंब जमवलं. या वेळी आजा पिंपाजवळून हलला नाही. पूड त्यानंच सोडली, मूठ मूठ, आणि पाणी काचेसारखं राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तयार झालं. त्याच सकाळी थोरली टाकीच्या तळाशी पडलेली सापडली. तिची जांभळी टोकं करडी झाली होती. आजानं तिला ओंजळीत घेतलं. आजी गेली तेव्हा तो रडला नव्हता, लोक तसं बोललेही होते. आता तो रडला. जुईलीनं त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं, त्यामुळे ती घाबरली आणि तीही रडू लागली.

"मीच मारली ना रे हिला?" आजानं टिपूसला विचारलं.

"त्या मिठाच्या पाण्यानं ती आजारी पडली," टिपूस म्हणाला. "पाणी तुम्ही केलं होतं. काल घाई झाली नसती तर ती वाचली असती का, ते मला माहीत नाही. कदाचित तरीही गेली असती."

जुईलीला त्याचा भयंकर राग आला. किटली ती किटली, हिला माणसाचं काय कळणार? ती त्याला उचलून बाहेर ठेवायला निघाली, तर आजानंच तिला अडवलं.

"ऱ्हाऊ दे त्याला," तो डोळे पुसत म्हणाला. "खोटं नाय बोलला तो. तुजी आजी पन अशीच बोलायची."

थोरलीला त्यांनी आळवाच्या वाफ्यात पुरलं. मग टाकीचं पाणी बदलायला घेतलं. एकदम सगळं नाही, कारण आजारी प्राण्याला चांगला बदलही एकदम सोसत नाही. एक तांब्या जुनं काढायचं, एक तांब्या नवं घालायचं, मध्ये वाट पाहायची. मोठी फुलं त्यानंतरही गेली. शेवटी दगडाच्या खालच्या बाजूला एकच उरलं, करंगळीच्या नखाएवढं, ज्याच्याकडे इतके दिवस कुणी पाहिलंही नव्हतं. त्याला आजीनं नाव दिलेलं नव्हतं. आजानंही दिलं नाही.

ते उघडायला बरेच दिवस लागले. आधी एक बोट बाहेर आलं, मग ते पुन्हा आत गेलं. जुईली शाळेतून आल्याबरोबर टाकीपाशी जायची. आजा रोज सकाळी टाकीत थोडं साधं गाळलेलं पाणी घालायचा, कारण उन्हानं पाणी तेवढं उडून जातं आणि क्षार मागं राहतात. हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. त्याच्यावरच तर मोकलांच्या कित्येक पिढ्या जेवल्या होत्या. एका दुपारी त्यानं जुईलीला हाक मारली. त्या नखाएवढ्या जिवानं सगळी बोटं पसरली होती आणि आजानं दिलेला कोळंबीचा कण त्यानं धरला होता.

समुद्रफुलाची एक गंमत आहे. काही जातींमध्ये ते खडकावरून सरकताना पायाचे बारीक तुकडे मागं सोडतं, आणि त्या तुकड्यांची नवी फुलं होतात. केंद्राकडून पूड येत राहिली, आणि वर्षभरात दगडाची एक बाजू पुन्हा भरली. जांभळ्या टोकांचं मात्र त्यात एकही नव्हतं.

मग केंद्रातून विचारणा आली. नांदेपाड्याच्या बुडालेल्या भिंतींवर आता शेवाळ धरलं होतं, कालवं बसली होती, आणि तिथं समुद्रफुलं पुन्हा लावून पाहायची होती. तुमच्याकडची त्याच किनाऱ्याची आहेत, त्यातली काही द्याल का? आजा दोन दिवस टाकीपाशीच बसून राहिला. आजीचं म्हणून घरात उरलेलं तेवढंच होतं. आणि आपण जिथं परत जाऊ शकत नाही तिथं त्यांना पाठवायचं, हे त्याला अवघड जात होतं. जुईलीनं त्याला आग्रह केला नाही.

तिसऱ्या दिवशी टिपूस नळ तपासायला आला, तेव्हा आजानं त्याला टाकीपाशी बसवलं.

"तितलं पानी कसं हाय?" त्यानं विचारलं. "त्यात सगलं हाय ना? कडू पन?"

"सगळं आहे," टिपूस म्हणाला. "तुम्ही खाडीत सोडलेलं कडू पाणी कुठेही गेलेलं नाही, आजोबा. भरती-ओहोटीनं ते समुद्रात मिसळलं. ते तिथंच आहे."

आजानं जुईलीला फुलं पाठवायला मोठी बरणी धुऊन आणायला सांगितली आणि पिंपातलं पाणी मोजायला तो स्वतः पडवीत गेला.